ग्रँट डफचा वणवा आणि आपला राब

पेण-रोह्याकडं ग्रँट डफचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं असतं : "त्या साहेबानं आपला इतिहास बिघडवला." असं म्हणताना आपल्यापैकी किती जणांनी तो वाचलेला असतो, हे आधी स्वतःलाच विचारू.

जेम्स ग्रँट डफ १७८९ मध्ये स्कॉटलंडमधल्या बँफ गावी जन्मला. कोवळ्या वयात कंपनीच्या मुंबई फौजेत शिरला. पुण्यात एल्फिन्स्टनच्या हाताखाली तयार झाला. पेशवाई बुडाल्यावर १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी कंपनीचा प्रतिनिधी राहिला. पुढं प्रकृती ढासळली, मायदेशी परतला आणि १८२६ मध्ये तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापला. बखरी, सनदा, पत्रं जमवून इतक्या विस्तारानं सलग हकीकत लावणारा ग्रंथ त्याआधी मराठीतही नव्हता. हे श्रेय देताना आपली जीभ अडखळू नये.

आता दोष पाहू. मराठ्यांचा उदय त्याला सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला लागलेल्या वणव्यासारखा दिसला. वणवा म्हणजे कुणी न योजलेली आग. ही फौजी माणसाची नजर आहे. कोण कुठं चालून गेला, कोण जिंकला, तह कुणी मोडला, हे तिला चोख दिसतं. गावकी, वारी, संतांची वाणी यांनी माणसं कशी जोडली गेली, ते तिला फारसं दिसत नाही.

पण आपल्या शेतकऱ्याला दुसरी आगही ठाऊक आहे. पावसाआधी तो शेण, टहाळ, पालापाचोळा पसरतो, वर माती टाकतो, वारा बघून राब भाजतो. मग बी पेरतो, मग लावणी. लांबून पाहणाऱ्याला दोन्हीकडं धूरच दिसतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली डफला उत्तर दिलं, तेव्हा प्रकरणांची नावंच शेतीतली घेतली : जमीन कशी तयार झाली, बी कसं पेरलं गेलं. रानड्यांनी राब शब्द वापरला नाही. तो आम्ही वापरतो, कारण आपल्याकडं तो समजावून सांगावा लागत नाही.

त्याच्याही आधी, १८६७ मध्ये, नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणानं डफच्या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला. नुसता राग आळवला नाही, ग्रंथ वाचून चुका दाखवल्या. बखरींच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचं डफ सांगतो. पुढच्या पिढीनं शोधल्या तेव्हा त्या हाती लागल्या नाहीत.

त्याबद्दल साहेबाला बोल लावायला आपण मोकळे आहोत. पण मग आपल्या पोटमाळ्यावरच्या मोडी कागदांचं काय? आमच्याच घरातला एक रुमाल वाळवीनं संपवला. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची हयात गेली, आणि तो रुमाल सोडून बघायला आम्हांला सवड झाली नाही. त्यात सारा होता, भांडण होतं, की नुसता हिशेब, ते आता कधीच कळायचं नाही.

परक्या मुलखातल्या कॅप्टनानं चार वर्षांच्या नोकरीत आपली दप्तरं उघडवली. आपण त्याला दोन शतकं नावं ठेवली. टीका जरूर करावी. पण कीर्तन्यांसारखी, कागद समोर ठेवून. तेव्हा आज घरी गेल्यावर पोटमाळ्यावर एकदा चढून बघा. मोडी वाचता येत नसेल तर शिकू या. तोवर निदान वाळवी तरी झटका.