पसरली की पसरवली? : मराठीतील प्रसारवाचक क्रियापदे आणि कर्त्याचा प्रश्न

प्रास्ताविक

रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन तीरांवरील गावे. नगरपरिषदेच्या नावात ती जोडीने येतात. पावसाळ्यात या नदीविषयी जी वाक्ये कानी पडतात त्यांत ‘पाणी चढले’, ‘पाणी शिरले’, ‘पाणी ओसरले’ आणि ‘पाणी सोडले’ ही चार प्रामुख्याने असतात. पहिल्या तीन वाक्यांत पाणी हाच कर्ता आहे. चौथ्यात पाणी कर्म होते. कर्त्याचा उच्चार झाला नाही, तरी सोडणारा कोणीतरी आहे हे वाक्याची घडणच सांगते. कुंडलिकेला पावसाचे पाणी मिळते, तसेच भिरा येथील जलविद्युत केंद्रातून बाहेर पडणारे पाणीही मिळते. त्यामुळे हा भेद केवळ व्याकरणाचा राहत नाही. पाण्याविषयी जे खरे आहे, तेच वार्तेविषयीही खरे आहे. वस्तू व माहिती यांच्या प्रसाराची क्रियापदे निवडणे म्हणजे एक प्रकारे साक्ष देणे होय, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

व्याकरणाची बाजू

सकर्मक, अकर्मक आणि प्रयोजक हे क्रियापदांचे भेद मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ (१९११) या ग्रंथापासून अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. प्रसारवाचक क्रियापदांत मात्र त्यांची सरमिसळ लक्षणीय आहे. ‘पसरणे’ हे उभयविध क्रियापद आहे. ‘पाणी पसरले’ येथे ते अकर्मक, तर ‘आजीने चटई पसरली’ येथे सकर्मक आहे. ‘वाहणे’ याचीही तीच गत. ‘नदी वाहते’ आणि ‘हमाल ओझे वाहतो’ या वर्तमानकाळी वाक्यांत क्रियापदाची ठेवण सारखीच दिसते. भूतकाळात मात्र ‘नदी वाहिली’ आणि ‘हमालाने ओझे वाहिले’ असा भेद उघड होतो. ‘ने’ हा प्रत्यय कष्ट करणाऱ्याकडे बोट दाखवतो.

वार्तेच्या बाबतीत मराठीने बहुधा जोड्याच घडवल्या आहेत. बातमी फुटते, तशी ती फोडली जाते. आवई उठते, तशी ती उठवली जाते. कंडी पिकते, तशी ती पिकवतात. अफवा पसरते, तशी ती पसरवतात. दवंडी मात्र पिटावीच लागते. ती कोणाच्या हुकुमाने पिटली गेली, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. हुकूम देणारा लपत नसे, किंबहुना त्याचे नाव गाजवणे हाच दवंडीचा एक हेतू होता.

वृत्तभाषेतील अनुपस्थित कर्ता

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार केले. मुले पळवणाऱ्या टोळीविषयीचे संदेश त्या काळात मोबाइलवरून फिरत होते. अशा प्रसंगी वृत्तभाषेत रूढ असलेले वाक्य म्हणजे ‘अफवा पसरली’. धुके पसरावे तशी ती पसरली, असा त्याचा ध्वनी आहे. वास्तविक संदेश आपल्या पायांनी चालत नाही. प्रत्येक टप्प्यावर तो कोणाच्या तरी बोटाने पुढे पाठवला जातो. ‘व्हायरल झाला’ या नव्या प्रयोगाने तर माणसाच्या कृतीला विषाणूचे रूप दिले आणि ‘होणे’ या क्रियापदाच्या आश्रयाने कर्त्याला पूर्णतः रजा दिली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. ही मर्यादा संदेशावर नव्हती, पाठवणाऱ्यावर होती. वृत्तभाषेने वगळलेला कर्ता तंत्रज्ञानाला मान्य करावा लागला.

परीक्षेशी संबंधित असणाऱ्या प्राध्यापकवर्गास ‘पेपर फुटला’ हे वाक्य अधिक जवळचे आहे. काच फुटते, अंडे फुटते, पालवी फुटते. त्याच ओळीत प्रश्नपत्रिकाही फुटते. २०२१ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाच्या भरती परीक्षेचा पेपर ‘फुटला’ तेव्हा तपासात विभागातील अधिकाऱ्यांनाही अटक झाली. अटकेनंतरही ‘पेपरफुटी’ हाच शब्द चालत राहिला. ‘पेपरफोडी’ रूढ झाला नाही.

प्रयोजकाचा धोका

यावरून नेहमी प्रयोजक रूपच वापरावे, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये ‘कोरोना पसरला’ या वाक्याचे तबलिगी जमातीच्या संदर्भात ‘कोरोना पसरवला’ असे रूपांतर झाले. एका ‘व’ने रोगाचे अपराधात परिवर्तन केले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रकरणातील परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा करण्यात आल्याचे मत नोंदवले. कर्ता नसलेल्या ठिकाणी कर्ता बसवणे हे असलेला कर्ता वगळण्याइतकेच असत्य आहे.

‘करण्यात आले’ची सोय

शासकीय मराठीने तिसरा मार्ग काढला आहे. ‘पाणी सोडण्यात आले’, ‘आदेश पाठवण्यात आले’. येथे विशेष हे की, कर्ता झाकण्याचे काम ‘येणे’ या गतिवाचक क्रियापदाकडेच सोपवलेले आहे. ‘सोडले गेले’ यातही ‘जाणे’ आहेच. कृती जणू स्वतःच येते आणि जाते. कुंडलिकेच्या काठी धाटाव येथे औद्योगिक वसाहत आहे, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत या नदीचे नाव आलेले आहे. अशा नदीविषयी लिहिताना ‘प्रदूषण पसरले’, ‘सांडपाणी सोडण्यात आले’ आणि ‘अमुकाने सांडपाणी सोडले’ ही तीन वाक्ये समानार्थी मानता येत नाहीत. पहिल्यात कृतीच नाही, दुसऱ्यात कृती आहे पण करणारा नाही, तिसऱ्यात दोन्ही आहेत आणि म्हणून पुराव्याची जबाबदारीही आहे.

समारोप

अकर्मक क्रियापदे भाषेचे वैभव आहेत. सुगंध दरवळतो, ओल झिरपते, साथ फैलावते. तेथे कर्ता शोधणे हास्यास्पद होईल. आक्षेप आहे तो माणसाची कृती निसर्गाच्या क्रियापदात सांगण्याला. कर्ता माहीत असेल आणि पुरावा असेल तर ‘पसरवली’ लिहावे. कर्ताच नसेल तर ‘पसरली’ लिहावे. कर्ता आहे पण सापडलेला नाही, अशा वेळी ‘पसरवणाऱ्यांचा शोध लागलेला नाही’ हे लांबलेले वाक्य पत्करावे. मथळ्यात ते मावणार नाही. पण ते कोणाला सोडत नाही आणि कोणाला गोवतही नाही. प्रयोग ओळखण्याचा पाठ आपल्या वर्गात बहुधा गुणांपुरता शिकवला जातो. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील वाक्ये घेऊन तो शिकवल्यास ‘कोणी?’ हा प्रश्न व्याकरणाचा म्हणून सुरू होईल आणि नागरिकाचा म्हणून विद्यार्थ्यांसोबत वर्गाबाहेर पडेल.