यंत्राची दृष्टि आणि कलावंताचा हात

रोगी रुग्णालयांतून घरीं परततो तेव्हां औषधांच्या चिठ्ठीबरोबर एक मोठा लिफाफाहि घरांत येतो. मंडळी त्यांतील काळी फिल्म खिडकीच्या उजेडांत धरतात आणि जें दिसतें तें शरीराचें छायाचित्रच होय असें समजून चालतात. ही समजूत सर्वस्वीं खरी नाहीं. ती सुधारण्याचें काम शास्त्रज्ञ व कलावंत यांनीं मिळून करावें हें उचितच. परंतु तें कितपत साधतें, हें इंग्लंडांतील दोन कृतींच्या आधारें पाहावें असें आम्हीं योजिलें आहे.

१८९५ सालीं राँटगेन यानें आपल्या पत्नीच्या हाताचें क्ष-किरणचित्र घेतलें, तेव्हां छाया ही छायाच होती. हाडानें किरण अडविले आणि प्लेटीवर त्याची सावली उमटली. १९७१ सालीं लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयांत हौन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्रानें पहिला रोगी तपासला, आणि तेव्हांपासून चित्र ही हिशेबाची निष्पत्ति झाली. अनेक कोनांतून किरण सोडावयाचे, किती अडले तें मोजावयाचें, आणि गणितानें शरीराच्या एकेका छेदाचें चित्र बांधावयाचें, अशी ही रीति आहे.

अँजेला पामर यांची कृति याच छेदांवर उभी आहे. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयांत रोमन अमदानींतील इजिप्तमधल्या एका लहान बालकाची ममी आहे. वेष्टनें न सोडतां सी. टी. यंत्रानें तिचे छेद टिपण्यांत आले, व पामरबाईंनीं ते शंभरांहून अधिक काचांवर रेखाटून काचा एकामागें एक उभ्या केल्या. समोरून पाहिलें कीं बालक अधांतरीं तरंगतांना दिसतें; बाजूस सरकलें कीं तें नाहींसें होऊन नुसत्या काचांच्या कडा उरतात. आमच्या मतें कृतीचें मर्म या नाहींसें होण्यांतच आहे. दोन काचांमधील मोकळी जागा बुजविलेली नाहीं. ती आपलें मन भरून काढतें, आणि आपण ती भरीत आहों हेंहि आपणांस कळतें. ही युक्ति मूळची शास्त्रज्ञांचीच. डोरोथी हॉजकिन यांनीं पेनिसिलिनच्या रेणूची घडण पारदर्शक तावांवर रेषा काढून अशीच मांडली होती.

ॲनी कॅट्रेल यांची 'सेन्स' ही कृति (२००१-०३) निराळ्या जातीची आहे. मार्क लिथगो प्रभृति शास्त्रज्ञांच्या साह्यानें ती सिद्ध झाली. पांच इंद्रियांचे पांच पारदर्शक ठोकळे. ऐकतांना, पाहतांना, स्पर्श होतांना मेंदूचे जे भाग जागृत होतात, त्यांचे घन आकार प्रत्येकांत गोठविलेले. कृति अत्यंत मोहक आहे, आणि एक संवेदना मेंदूंत अनेक ठिकाणीं पसरलेली असते हें ती एका दृष्टिक्षेपांत शिकविते. परंतु आमची हरकत येथूनच सुरू होते. एम. आर. आय. यंत्र विचार पाहत नाहीं. रक्तांतील प्राणवायूच्या प्रमाणांत होणारा किंचित् फरक तें टिपतें, आणि तोहि कांहीं सेकंद मागाहून. कोणता फरक खरा धरावयाचा याची मर्यादा संशोधक ठरवितो. ती थोडी सैल केली तर आकार फुगेल, आवळली तर आक्रसेल. ठोकळ्यांतील कडा मात्र गारगोटीसारखी ठाम आहे, आणि भोंवतालचा मेंदू तर मुळींच नाहीं.

कला म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे, असें यावर कोणी म्हणेल. तें आम्हांस मान्य आहे. केवळ सौंदर्यासाठीं केलेल्या कृतीस हा प्रश्न आम्ही विचारला नसता. परंतु शास्त्राचें दर्शन घडविते म्हणून जी कृति लोकांपुढें येते, तिनें शास्त्राच्या निश्चयाबरोबर त्याचा संशयहि दाखविला पाहिजे. नाहीं तर कलावंत हा शास्त्रज्ञाच्या घरचा रंगारी ठरतो.

खिडकीपाशीं फिल्म धरून बसलेल्या कुटुंबास हा वाद परका नाहीं. तीवरील एका डागावर त्यांची झोंप अवलंबून असते. तो डाग म्हणजे रोग नव्हे, जाणत्यानें अर्थ लावावयाची ती एक खूण आहे, एवढें ज्या कृतीनें समजेल ती आम्ही श्रेष्ठ मानूं. या कसोटीस पामरबाईंच्या काचा उतरतात. कॅट्रेलबाईंचे सुंदर ठोकळे मात्र वाटेंतच थांबतात.