'स्मृतिचित्रे'तील सोवळे

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'विषयी लिहिताना आपल्या समीक्षेने प्रांजळपणा, साधेपणा आणि विनोद या तीन गुणांचा इतक्या वेळा उच्चार केला आहे की, एका मनाचे समग्र स्थित्यंतर या ग्रंथात चित्रित झाले आहे, ही गोष्ट जवळजवळ दृष्टीआड झाली. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेचा मध्यबिंदू म्हणजे नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये केलेला ख्रिस्ती धर्माचा स्वीकार होय. या एका घटनेने लक्ष्मीबाईंचा संसार, जात, आप्त आणि देव यांचा परस्परांशी असलेला सांधा निखळला. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधल्या काळात हे मन कसकसे पालटले, हा खरा वाङ्मयीन प्रश्न आहे.

त्याचे उत्तर ग्रंथाच्या आरंभापासूनच शोधावयास हवे. तेथे आपल्याला लेखिकेचे वडील भेटतात. १८५७ च्या धामधुमीत एका आप्ताला झालेल्या फाशीच्या धक्क्याने ते सोवळ्याच्या इतके आहारी गेले की, बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येईना. बाहेरचे जग उलथले की मन असे कुंपण घालून बसते. लेकीलाही हाच वारसा मिळाला. परंतु तिला ते कुंपण आतून मोडावे लागले. धर्मतत्त्वांच्या वादाने तिचे मन वळत नाही. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या पंक्तीस बसावे, अशा प्रश्नांवरून ते तसूतसूने पुढे सरकते. जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, हा निर्णय आधी होतो. बाप्तिस्मा मागाहून येतो.

या ग्रंथाचे इंग्रजी अनुवाद झाले आहेत. त्यांपैकी जोसेफीन इंक्स्टर यांचा १९५० चा आणि शांता गोखले यांचा २०१७ चा विशेष उल्लेखनीय. अनुवादकाची कसोटी येथे विनोदापेक्षा 'सोवळे' या एका शब्दाशी लागते. त्याला केवळ शुद्धीचा वाचक असा पर्याय योजला की ओले वस्त्र, चूल, घागर आणि न शिवता घातलेला वळसा हे सारे गळून पडते. मग लक्ष्मीबाईंनी नेमके काय सोडले, हेच परभाषी वाचकाला उमगत नाही.

एक मर्यादा मात्र नोंदविली पाहिजे. हे लेखन घटनेनंतर सुमारे चार दशकांनी झालेले आहे. तोवर टिळक निवर्तले होते (१९१९) आणि दुःखाची धार स्मृतीने बोथट केली होती. त्यामुळे ज्याला आपण स्वाभाविक विनोद म्हणतो, तो पुष्कळ अंशी कालांतराने लाभलेला तोल आहे. ऐन आघाताचा आकांत येथे क्वचितच ऐकू येतो. तथापि लेखिका मागे वळून स्वतःच्या जुन्या सोवळ्याला हसते तेव्हा ते मानणाऱ्यांचा उपहास करीत नाही. बदललेल्या माणसाने आपल्या पूर्वायुष्याला तुच्छ न लेखणे, ही या ग्रंथाची दुर्मिळ परिपक्वता होय. आणि तिला केवळ साधेपणा म्हणणे हा समीक्षेचा आळस आहे.