पडद्यावरचे मौन आणि घरातले बोलणे

एकच चित्रपट चित्रपटगृहात पाहिला आणि मग घरी पाहिला, तर तो एकच राहतो का? हा प्रश्न आम्हांला पुष्कळ दिवस पडलेला आहे. धानोऱ्याहून मोठा पडदा पाहावयाचा म्हणजे नंदुरबारची वाट धरावी लागते. घरच्या पडद्याला ना तिकीट, ना प्रवास. त्यामुळे बहुतेक कुटुंबांची चित्रपटाशी गाठ आता घरातच पडते. या सोयीने आपल्याला काय दिले आणि आपल्याकडून काय नेले, याचा विचार आम्ही येथे दोन चित्रपटांच्या आधारे करणार आहोत. दोन्ही चित्रपट आदिवासींविषयीचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा समाजांच्या या जिल्ह्यात ते कुणालाही परके वाटू नयेत.

पहिला चित्रपट म्हणजे डॉ. जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत' (१९७७). गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवरील ही कथा ठाकर समाजातील नाग्याची आहे. राणीमाशीने डोळा घेतला म्हणून तो डोंगरावरचे मोहोळ उतरवण्याचा ध्यास घेतो आणि चिंधी त्याला साथ देते. ना. धों. महानोर यांची गीते व हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत या चित्रपटाचा प्राण आहे. घरी पाहताना त्याचे फारसे नुकसान होत नाही, असा आमचा अनुभव आहे. गाणी आधीच कानांत बसलेली असतात. मध्येच कुणी चहा आणला, कुणी उठून दार उघडले, तरी सूर तुटत नाही. उणीव भासते ती केवळ डोंगराची. मोठ्या पडद्यावर तो सुळका माणसाला खुजे करतो. घरी तो भिंतीवरील चित्राएवढा होतो.

दुसरा चित्रपट गोविंद निहलानी यांचा 'आक्रोश' (१९८०). त्याची कथा विजय तेंडुलकरांची. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला लहान्या भिकू तोंडातून शब्द काढत नाही. त्याचा तरुण वकील भास्कर कुलकर्णी विनवतो, चिडतो, शोध घेत हिंडतो. लहान्या मात्र पाहत राहतो. ओम पुरी यांनी ही भूमिका जवळजवळ केवळ डोळ्यांनी केली आहे. बापाच्या अंत्यविधीसाठी त्याला बेड्यांत आणले जाते, तेव्हा तो कुऱ्हाडीने स्वतःच्या बहिणीला मारतो. पत्नीच्या वाट्याला जे आले ते बहिणीच्या वाट्याला येऊ नये म्हणून. त्यानंतर प्रथमच त्याचा कंठ फुटतो.

चित्रपटगृहात हे मौन आम्हांला अंगावर आल्यासारखे वाटले होते. आरंभी खुर्च्यांची कुरकुर होती, कुजबुज होती; हळूहळू ती थांबली. शंभर माणसे एका माणसाच्या बोलण्याची वाट पाहत बसली होती. दादासाहेब फाळके यांना चित्रपटनिर्मितीची प्रेरणा मुंबईत पाहिलेल्या ख्रिस्तचरित्रावरील मूकपटातून मिळाली आणि त्यातूनच पुढे १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला, हे वाचकांस ठाऊक असेल. शब्दावाचून चित्र किती बोलू शकते, हे अंधारात इतरांसह बसल्यावरच नीट उमगते.

घरी तोच 'आक्रोश' पाहताना लहान्याच्या मौनात कुकरची शिट्टी शिरली, दूरध्वनी वाजला. मौन म्हणजे काहीच घडत नाही, असे समजून कुणी चित्रपट पुढे सरकवण्याचे बटण शोधू लागले. येथवर घर हरले, असेच म्हणावे लागेल. परंतु नंतर जे घडले ते चित्रपटगृहात कधी घडले नसते. "हा बोलत का नाही?" असे घरातील एका वडीलधाऱ्या बाईंनी मोठ्याने विचारले. भीतीमुळे, असे एकाने सांगितले. दुसरा म्हणाला, बोलून उपयोग नाही हे तो जाणतो. तिसऱ्याने आठवण दिली की कचेरीची भाषा वेगळी व आपल्या घरची वेगळी असली की माणूस आपोआप गप्प होतो. चित्रपट संपल्यावरही ही चर्चा बराच वेळ चालली.

त्याच चर्चेतून आम्हांला या चित्रपटाचे एक मर्म दिसले. 'आक्रोश'मध्ये अस्खलित बोलणारा एक आदिवासी आहेच. तो म्हणजे सरकारी वकील दुसाने. अमरीश पुरी यांनी साकारलेला हा माणूस शिकला, मान मिळवला. पण त्याची विद्या आपल्याच माणसाला फासाकडे नेण्याच्या कामी येते, आणि एवढे करूनही निनावी दूरध्वनीवरून त्याला त्याच्या जातीवरून शिव्या ऐकाव्या लागतात. लहान्याला वाचा नाही आणि दुसाने यांची वाचा आपल्यांसाठी नाही. आपली मुले वसतिगृहांत राहून शिकत आहेत, वकील व अधिकारी होण्याची स्वप्ने पाहत आहेत. त्यांच्या आईबापांनी या दोघांकडे एकत्र पाहावे, असे आम्हांला वाटते.

दोन्ही चित्रपटांविषयी आमची एक तक्रारही आहे. एकात आदिवासी गातो, दुसऱ्यात तो मुका होतो. शेतावर, बाजारात, चुलीपाशी चालणारे त्याचे साधे, थट्टेचे, हिशेबाचे बोलणे पडद्यावर क्वचितच ऐकू येते. आपल्या ओसरीवर ते रोज ऐकू येते, म्हणून ही उणीव आपल्याला अधिक जाणवते.

तेव्हा चित्रपटगृह श्रेष्ठ की घर, असा निवाडा आम्ही करत नाही. चित्रपटगृहाने आम्हांला ते मौन ऐकवले. घराने त्याला उत्तर शोधावयास लावले. कुटुंबांना आमची सूचना एवढीच की असा चित्रपट घरी लावाल तेव्हा स्वयंपाक आधी उरकून घ्यावा, दूरध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि शेवटपर्यंत तो न थांबवता पाहावा. मग दिवा लावून सर्वांना बोलू द्यावे; आणि जे सहसा बोलत नाहीत, त्यांना आधी.