‘पलटण’ शब्दाचें मूळ

यूल व बर्नेल यांच्या हॉब्सन-जॉब्सन कोशांत (१८८६) ‘पलटण’ हा ‘बटालियन’ शब्दाचा अपभ्रंश मानिला असून, ‘प्लटून’ किंवा फ्रेंच ‘पेलोतों’ यांची त्यांत कदाचित् भेसळ झाली असावी, असें मोघम म्हटलें आहे. आमचे मतें हा क्रम उलटा पाहिजे.

‘बटालियन’मध्यें ट आधीं व ल मागून येतो. तमिळ ‘पट्टाळम्’मध्यें तो क्रम टिकला आहे, तमिळ लिपींत प-ब असा भेदच नसल्यामुळें तेथील आद्य ‘प’ही सहज समजतो. मराठींत मात्र ट-लची अदलाबदल मानावी लागते. वाराणसीचें बनारस झालें, तेव्हां वर्णविपर्यय अशक्य नव्हे. पण ‘बाटली’, ‘बराक’ यांत ‘ब’ जशाचा तसा ठेवणाऱ्या मराठी जिव्हेनें येथेंच त्याचा ‘प’ कां करावा? उलट ‘प्लटून’मधील प, ल, ट, न हे चारी वर्ण ओळीनें ‘पलटणीं’त उभे आहेत. आद्य जोडाक्षर फुटल्याचें उदाहरण ‘पलस्तर’ हें आहेच.

अडचण आहे ती अर्थाची. प्लटून म्हणजे लहानशी तुकडी. पलटण म्हणजे सबंध बटालियन. मुंबई सरकारनें १७६८ सालीं उभारलेली ‘जंगी पलटण’ ही बटालियनच होय. परंतु त्या काळच्या कवाइतींत गोळीबार प्लटूनवार होत असे. पाहणाऱ्यानें कानीं पडलेलें अवयवाचें नांव डोळ्यांपुढील समुदायास दिलें, असें आम्हांस वाटतें. गिरगांवच्या चाळींत पोरांची ‘पलटण’ म्हणतांना आजही कोणी डोकीं मोजीत नाहीं.

संस्कृतज्ञांस येथें ‘पृतना’ आठवेल. तींत पायदळ १२१५, म्हणजे संख्याही मोहक! पण मधल्या प्राकृताची सांखळी दाखविल्यावांचून हा मोह आवरलेला बरा.

संग्राहकांस या शब्दाचा उपयोग कालनिर्णयाकडे आहे. दक्षिणेंत कवाइती पायदळाचा बोलबाला झाला तो बुसीच्या अमदानींत, १७५० नंतरच्या दशकांत. शिवकालीन पायदळाची उतरंड नाईक, हवालदार, जुमलेदार, हजारी अशी होती. तींत पलटणीस जागा नाहीं. सबब शिवकालांतील मिती घातलेल्या कागदांत ‘पलटण’ आढळल्यास तो त्या रूपांत अस्सल नव्हे. मात्र जुन्या पत्राची नक्कल करतांना उत्तरकालीन कारकुनानें आपल्या सवयीचा शब्द घातला असण्याचाही संभव आहे. तेव्हां कागद, वळण व मायना तपासल्यावांचून त्यास बनावट म्हणूं नये.