स्वस्त स्मार्टफोन आणि मराठी लेखन : एका दैनंदिन अनुभवाची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयातील एका चर्चासत्राच्या तयारीत प्रस्तुत लेखकाने सहकाऱ्यांच्या समूहावर एक संदेश पाठविला. ‘आचाऱ्यांना सकाळी सहालाच बोलवावे’ असे लिहावयाचे होते. प्रत्यक्षात गेले ते ‘आचार्यांना सकाळी सहालाच बोलवावे’ असे. थोड्याच वेळात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, ‘‘सर, कोणते आचार्य येणार आहेत? निमंत्रणपत्रिकेत तर नाव नाही.’’ यावर हशा पिकला आणि विषय तेथेच संपला. मात्र हा प्रमाद लेखकाच्या अज्ञानाचा होता की हातातील साधनाचा, हा प्रश्न मनात राहिला. ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ यांतील भेद लेखकाला ठाऊक होता. तो भेद उमटविण्यासाठी ‘र’ वर बोट दाबून ठेवणे, नुक्ता असलेला ‘ऱ’ निवडणे, हलन्त देणे आणि मग ‘या’ लिहिणे एवढा खटाटोप करावा लागला असता. घाईत तो झाला नाही. फोनने सुचविलेला पहिला शब्द स्वीकारला गेला आणि स्वयंपाकी विद्वान ठरला.

कमी किमतीच्या स्मार्टफोनचा विचार आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो. त्याच्यामुळे माहितीचे लोकशाहीकरण झाले असे एक बाजू म्हणते, तर वाचनसंस्कृती लोप पावली असे दुसरी बाजू म्हणते. या दोन्ही मतांत वापरणाऱ्याच्या बोटांना काय करावे लागते, याची दखल घेतलेली नसते. प्रस्तुत लेखात स्वस्त फोन हे लेखनाचे साधन मानून त्याची चिकित्सा केली आहे. या फोनने सामान्य मराठी माणसाला पुरता वाचक केले, परंतु लेखक मात्र अर्धाच केले. आणि हे अर्धेपण आपण त्या माणसाच्या पदरी दोष म्हणून टाकतो, असे येथे मांडावयाचे आहे.

लिपीची किंमत

या अनुभवाचे मूळ स्मार्टफोनच्या आधीच्या काळात आहे. लघुसंदेश, म्हणजे एसएमएस, हा १४० बाइटांचा असतो. रोमन अक्षरे सात बिटांत बसतात, म्हणून एका संदेशात १६० अक्षरे मावतात. देवनागरीसाठी प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून मर्यादा ७० चिन्हांवर येते. शिवाय ही गणना वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांची नसते. ‘श्री’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते. यंत्राच्या हिशेबी ते श, हलन्त, र आणि दीर्घ ईकाराची वेलांटी असे चार घटक होतात. शंभर घटकांचा मजकूर देवनागरीत पाठविल्यास दोन संदेशांचे पैसे पडत. तेवढ्याच लांबीचा रोमन मजकूर एकात बसे. तो पलीकडच्या फोनवर नीट दिसेल याचीही खात्री नसे. पुष्कळदा अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येत. बारा कळांच्या त्या फोनवर एकेका कळीखाली अनेक अक्षरे दडलेली असत, ही अडचण वेगळीच.

अशा स्थितीत ‘udya’ हा शब्द रोमन लिपीत लिहिणारा, म्हणजे ‘उद्या’ला परक्या लिपीचा वेश चढविणारा तरुण, स्वभाषेचा द्रोह करीत होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. तो हिशेब करीत होता. रोमन लिपीतील मराठीची सवय इंग्रजीच्या मोहातून लागली, असे सरसकट सांगितले जाते. त्या मोहाचा वाटा नाकारण्याचे कारण नाही. पण त्याआधी दरपत्रक होते, हे विसरता कामा नये.

दर्शन आणि लेखन यांतील अंतर

पुढे परिस्थिती झपाट्याने पालटली. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘अँड्रॉइड वन’ योजनेतील फोन भारतात सुमारे साडेसहा हजार रुपयांत आले. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘जिओ’ची सेवा सुरू झाली आणि त्यानंतर इंटरनेटचे दर कोसळले. देवनागरी मजकूर नीट दिसू लागला, संदेशाला अक्षरागणिक मोल राहिले नाही. लिपीची जुनी किंमत अशा रीतीने जवळजवळ संपुष्टात आली.

परंतु दिसणे आणि लिहिता येणे यांतील अंतर राहिलेच. याची एक बोलकी खूण भारतीय मानक ब्युरोच्या २०१६ च्या मानकात सापडते. आयएस १६३३३ च्या तिसऱ्या भागाने फोनमध्ये अनुसूचित २२ भाषांतील मजकूर दिसण्याची सोय आवश्यक ठरविली. लिहिण्याची सोय मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी किमान एक भारतीय भाषा एवढ्यापुरती. प्रत्यक्षात बहुतेक फोन याहून अधिक भाषांत लिहू देतात, हे खरे. तरीही किमान अपेक्षेचे हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले, की भारतीय भाषिकाकडे प्रथम वाचणारा व पाहणारा म्हणून आणि नंतर लिहिणारा म्हणून बघितले गेले, हे ध्यानात येते.

लिहिण्याचे तीन मार्ग

आज फोनवर मराठी लिहिण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग देवनागरी कळफलकाचा. इनस्क्रिप्ट ही रचना १९८० च्या दशकात सिद्ध झाली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने ही तिची योजना दहा बोटांसाठी आखलेली आणि शास्त्रशुद्ध आहे. तीच रचना पाच-सहा इंची पडद्यावर आणली, की कळा अरुंद होतात आणि दहा बोटांचे काम एका अंगठ्यावर येऊन पडते. या अडचणीचा मूलभूत विचार मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक अभिकल्प केंद्राने ‘स्वरचक्र’ या कळफलकात केला. व्यंजनावर बोट टेकताच त्याच्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते आणि हव्या त्या स्वराकडे बोट सरकवावयाचे असते. पाटीवर बाराखडी गिरविलेल्या माणसाला हे तत्काळ कळते. तथापि, नव्या फोनमध्ये जे आधीपासून बसविलेले असते तेच बहुसंख्य लोक वापरतात. चांगले साधन असणे आणि ते हाती पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा मार्ग लिप्यंतराचा. रोमन अक्षरे लिहावयाची आणि फोनने त्यांचे देवनागरी रूप सुचवावयाचे. हा सर्वांत लोकप्रिय मार्ग असावा, असे आसपास पाहता वाटते. यात दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात. एक म्हणजे मराठी लिहू इच्छिणाऱ्याला रोमन वर्णमाला सफाईने येते. दुसरी म्हणजे त्याच्या मनातील शब्द यंत्राला ओळखता येतो. दुसरे गृहीत विशेष ठिसूळ आहे. ‘बाल’, ‘बाळ’, ‘बळ’ आणि ‘बल’ हे चार शब्द रोमन लिपीत सर्रास एकाच तीन अक्षरी रूपाने लिहिले जातात. ‘काल’, ‘काळ’, ‘कळ’, ‘कल’ यांचीही तीच गत. संगणकावरील काही जुन्या लिप्यंतर पद्धतींत मोठ्या आणि लहान रोमन अक्षरांनी ‘ण’ व ‘न’, ‘ळ’ व ‘ल’ वेगळे राखले जात. फोनवरील घाईत तो संकेत उरला नाही. मग चारांतून एकाची निवड शब्दसूचनांची पट्टी करते. नेमका शब्द त्या पट्टीत दुसरा वा तिसरा असतो. तो पाहणे, ओळखणे आणि त्यावर बोट ठेवणे हे काम लिहिणाऱ्याचे. महागड्या फोनवर ते क्षणार्धात होते. कमी स्मृतीच्या फोनवर कळफलक उघडण्यासच वेळ लागतो, सूचना रेंगाळत येतात आणि बोट तोवर पुढे गेलेले असते.

तिसरा मार्ग बोलून लिहिण्याचा. गूगलने ऑगस्ट २०१७ मध्ये ज्या भारतीय भाषांसाठी ही सोय दिली त्यांत मराठी होती. अक्षरओळख कच्ची असलेल्यांना तिने मोठा आधार दिला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण बोलणारा जितका प्रमाण भाषेच्या जवळ, तितके यंत्र आज्ञाधारक. वऱ्हाडी वा मालवणी वळणाचे वाक्य बोलून पाहावे, म्हणजे यंत्र ते परस्पर ‘सुधारून’ देते याचा प्रत्यय येतो.

भाषानिवडीचे समाजशास्त्र

येथे एक शंका उपस्थित होईल. फोनची सर्व सूचनाभाषाच मराठी करण्याची सोय असताना लोक ती का वापरत नाहीत? यामागे भाषेविषयीची अनास्था आहे, असे उत्तर सहज दिले जाते. निरीक्षण वेगळे सांगते. स्वस्त फोन घेणारा माणूस तो बहुधा स्वतः सुरू करीत नाही. दुकानदार किंवा घरातील भाचा-पुतण्या तो ‘चालू करून’ देतो, आणि इंग्रजीतच ठेवतो. पुढे काही अडले, तर मदतही इंग्रजी शब्दांतच मिळते. ‘सेटिंगमध्ये जा, स्टोरेज उघड’ असे सांगणाऱ्याला मराठी यादीत तो पर्याय सापडत नाही. म्हणजे फोनची भाषा ही एकट्याची आवड नसते. ज्यांच्याकडून साहाय्य मिळावयाचे त्या सगळ्यांची ती भाषा असते. ज्याला मदतीची गरज अधिक, त्याला भाषा निवडण्याचे स्वातंत्र्य कमी.

एक आक्षेप

लिपी म्हणजे भाषा नव्हे. मग रोमन लिपीतील मराठीबद्दल एवढी हळहळ कशासाठी, असा आक्षेप घेता येईल. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. मराठीचा दैनंदिन व्यवहार दीर्घकाळ मोडीत चालला. हात न उचलता भरभर लिहिता यावे, ही तिची ख्याती. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ती सामान्यतः पाळीत नसे आणि तरीही कागदपत्रे वाचली जात. म्हणजे लेखनाच्या सोयीने लिपीला वळण देण्याची परंपरा आपली जुनीच आहे. गोव्यात तर रोमन लिपीतील कोकणीची समृद्ध साहित्यपरंपरा आहे.

तथापि दोन भेद लक्षात घ्यावे लागतील. रोमी कोकणीला स्वतःची लेखनपद्धती आहे, ग्रंथ आहेत, नियतकालिके आहेत. ती एका समाजाने घडविली. फोनवरील रोमन मराठीला असे काहीही नाही. ती केवळ अडचणीतून निपजली. दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. मोडीतील संदिग्धता लिहिणारा आणि वाचणारा आपसांत सोडवीत. संदर्भ दोघांनाही ठाऊक असे. फोनवरील संदिग्धता त्या दोघांच्या मध्ये बसलेले यंत्र परस्पर सोडविते. वाचकापर्यंत संदिग्ध शब्द पोचतच नाही. पोचतो तो ठाम, सुबक अक्षरांत छापल्यासारखा दिसणारा चुकीचा शब्द. त्याची जबाबदारी मात्र लिहिणाऱ्यावर येते.

मूल्यमापनाचा प्रश्न

ही जबाबदारी कशी अन्याय्य ठरते, याचे उदाहरण लेखकाच्या स्वतःच्या वर्तनातून द्यावे लागेल. २०२०–२१ या काळात महाविद्यालये बंद असताना विद्यार्थ्यांचे स्वाध्याय फोनवरूनच येत. एका विद्यार्थ्याने गावातील तलावाच्या दुरुस्तीवर लिहिले होते. मजकुरात ‘तलावातील गाल काढला’ हे वाक्य दोनदा आले होते आणि ‘विहिरीचा तल’ असेही होते. माहिती अस्सल होती. किती ट्रॉल्या माती निघाली, ती कोणाच्या शेतात टाकली, याचा तपशील त्याने स्वतः विचारून मिळविला होता. लेखकाने समासात ‘शुद्धलेखनाकडे अक्षम्य दुर्लक्ष’ असा शेरा मारून दहापैकी दोन गुण कापले.

वर्ग पुन्हा भरू लागल्यावर याच विद्यार्थ्याचे हस्तलिखित पाहण्यात आले. त्यात ‘गाळ’ होता, ‘तळ’ होता, ‘ण’ आणि ‘न’ आपापल्या जागी होते. विचारल्यावर त्याने खिशातून फोन काढला. घरातील तिघांत मिळून तो एकच होता. पडद्याला तडा गेलेला. शब्दसूचनांच्या पट्टीचा उजवा भाग स्पर्शाला दाद देत नव्हता. ‘‘सर, पहिला शब्द येतो तोच घ्यावा लागतो,’’ तो म्हणाला. तक्रारीचा सूर त्यात नव्हता. तोवर गुणपत्रके रवाना झाली होती.

लेखकाने त्या दिवशी भाषेचे गुण कापले नव्हते. फोनच्या किमतीचे कापले होते. अधिक किमतीचा, धड पडदा असलेला फोन ज्याच्याकडे होता, त्याचे ‘शुद्धलेखन’ चांगले ठरले असणार.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, स्वस्त स्मार्टफोनवरील मराठीची दुरवस्था ही केवळ अभिमानाच्या अभावाची बाब नाही. ती श्रमाच्या विषम वाटणीची बाब आहे. अचूक देवनागरी लिहिण्यासाठी लागणारे जास्तीचे श्रम ज्याचे साधन कमकुवत त्याच्याच वाट्याला येतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. त्या दर्जाचा आनंद रास्तच आहे. पण भाषेचे रोजचे भवितव्य तिच्या प्राचीनतेइतकेच ‘ळ’ किती सहज लिहिता येतो यावरही अवलंबून आहे.

अध्यापकांच्या हाती यातील थोडेच आहे, परंतु जे आहे ते नगण्य नाही. प्रथम वर्षाच्या प्रारंभी एक तासिका फोनवरील देवनागरी कळफलकासाठी देता येईल. हाताने लिहून छायाचित्र पाठविण्याची मुभा स्वाध्यायात कायम ठेवता येईल. टंकलिखित मजकुरातील ‘ळ’, ‘ण’ आणि ‘ऱ्य’ यांच्या चुका अज्ञानाच्या मानण्यापूर्वी विद्यार्थ्याला त्याच शब्दाचे हस्तलेखन मागता येईल. एवढे केले तरी यंत्राचा दोष माणसाच्या नावे मांडण्याचे आपले पाप पुष्कळ कमी होईल.

चर्चासत्राच्या दिवशी आचारी सहाला आले, स्वयंपाक उत्तम झाला. आपण ‘आचार्य’ ठरलो होतो, हे त्यांना कोणी सांगितले नाही. लेखकाची चूक हशावारी गेली, कारण तो प्राध्यापक होता. विद्यार्थ्याची तशीच चूक गुणपत्रकात नोंदली गेली. या दोन चुकांच्या वाट्याला आलेल्या भिन्न न्यायाचा विचार आपण प्रत्येकाने लाल शाईची लेखणी उचलण्यापूर्वी करणे अगत्याचे आहे.