मोर्चा, माजघर आणि मोंढा

लासूर स्टेशनच्या मोंढ्यात, म्हणजे बाजारात, कांदा घेऊन आलेला शेतकरी, गोण्या उचलणारा हमाल आणि लिलावाला उभा व्यापारी एकमेकांना नावाने ओळखतात, गावाने ओळखतात आणि न विचारता जातीनेही ओळखतात. मराठवाड्याच्या साहित्यात मात्र हे तिघे एका पुस्तकात क्वचितच भेटतात. हमाल दलित आत्मकथनात सापडेल, शेतकरी ग्रामीण कथेत, आणि व्यापारी दोन्हीकडे खलनायक म्हणून तोंड दाखवून जाईल. गेल्या सहा दशकांतल्या चळवळींनी या भागाला लिहिणारी माणसे दिली, हे निर्विवाद आहे. पण कोणी कोणाविषयी लिहायचे याच्या वाटण्याही त्याच काळात झाल्या, आणि त्यांची किंमत साहित्य अजून मोजते आहे.

लासूर गंगापूर तालुक्यातले. रेल्वेने संभाजीनगरकडे निघाले की पोटूल आणि मग दौलताबाद. १९३४ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतले, म्हणून पाणी बाटल्याची ओरड झाली. तो अपमान बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे. पुढे १९५० मध्ये त्यांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मुलखात पहिल्यांदाच अक्षर गिरवलेल्या घरांतली मुले तिथे वसतिगृहात राहून शिकली. साठीच्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू झाले आणि या मुलांच्या लेखनाला घर मिळाले. मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला आणि गाजला. औरंगाबादचे काम मुंबईपेक्षा संथ होते, पण मुळे धरणारे होते.

या लेखनाची कसोटी पाहिली ती नामांतराने. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. तो वाद एकाच अस्मितेचा नव्हता. हैदराबाद मुक्तिसंग्रामात झुंजलेल्या पिढीला ‘मराठवाडा’ हे नाव आपल्या लढ्याची कमाई वाटत होते. त्या संग्रामातले सेनानी अनंत भालेराव ज्याचे संपादक होते, त्या दैनिक ‘मराठवाडा’ने नामांतराला विरोध केला. एका मुक्तीच्या लढ्यातला माणूस दुसऱ्या मुक्तीच्या आड उभा राहतो, ही कादंबरीकाराला आयती मिळालेली शोकांतिका होती. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत जवळजवळ सोळा वर्षे गेली. या काळावर गाणी झाली, कविता झाल्या, भाषणे तर अगणित झाली. दोन्ही बाजूंच्या घरांत शिरणारी, त्या आवाक्याची कादंबरी मात्र आजही शोधावी लागते. मोर्चात चालणाऱ्याला शत्रूच्या मनात डोकावायला उसंत नसते. ज्यांना उसंत होती त्यांनी गप्प राहणे पसंत केले.

कादंबरीची जागा आत्मकथनांनी घेतली. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, मिलिंदच्या परिसरात घडलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ चे, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ चे. मराठी गद्याला या पुस्तकांनी हलवले. पण यश मिळताच त्याचा साचा होतो. भूक, अपमान, शाळा, नोकरी, शहर या क्रमाची वाचकाला सवय झाली आणि लेखकाकडून तो साक्षीचीच अपेक्षा करू लागला. साक्षीदाराने मनात आलेली शंका, आपल्याच माणसांवरचा राग, घरातली भांडणे सांगू नयेत, असा अलिखित नियम पडला.

तो नियम बायकांनी मोडला. फलटणच्या बेबी कांबळे दुकान चालवता चालवता लिहीत आणि लिहिलेले कागद घरात लपवून ठेवत. त्यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यात गावकुसाबाहेरच्या समाजावरचा अन्याय आहे, आणि त्याच समाजातल्या सुनेवरचा अन्यायही आहे. मल्लिका अमर शेख यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये ढसाळांबरोबरचा संसार मांडला आणि क्रांतीची भाषा बोलणाऱ्या घरात बाईचे काय होते ते उघड केले. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’ने २००३ मध्ये चळवळ आणि संसार यांचा हिशेब एकाच वहीत लिहिला. चळवळीला बदनाम केल्याचा आक्षेप अशा लेखनावर हमखास येतो. माझ्या मते चळवळीचे सर्वांत प्रामाणिक लेखन हेच आहे, कारण ते समतेचा प्रश्न माजघरापर्यंत नेते.

ग्रामीण लेखकांचा प्रवास शेजारून झाला, पण वेगळ्या रुळांवर. लासूरला लागूनच असलेल्या वैजापूर तालुक्यात रा. रं. बोराडे यांनी प्राचार्य म्हणून काम केले. १९७१ च्या ‘पाचोळा’त त्यांनी एका शिंप्याच्या संसाराची पडझड बाईच्या तोंडून सांगितली. भास्कर चंदनशिवांच्या ‘लाल चिखल’मधला भाव न मिळाल्याने टोमॅटो तुडवणारा बाप शाळकरी वाचकांनाही ठाऊक आहे, कांद्याचा भाव कोसळतो तेव्हा लासूरच्या शेतकऱ्याला तो परका वाटत नाही. हे लेखन शेतकऱ्याची लूट अचूक दाखवते. त्याच शिवारातल्या मजुराचे स्थान दाखवताना मात्र ग्रामीण कथा पुष्कळदा सौम्य होते. गावातले सत्तेचे डाव थंड डोक्याने उलगडणारे आसाराम लोमटे (‘आलोक’, साहित्य अकादमी २०१६) हा मोलाचा अपवाद.

आता प्रश्न आणखी गुंतला आहे. २०१८ च्या जुलैत याच गंगापूर तालुक्यात, कायगाव टोका येथे, मराठा आरक्षणासाठी एका तरुणाने गोदावरीत उडी घेऊन जीव दिला. जमिनीचे तुकडे, शेतीतला तोटा आणि न मिळणारी नोकरी त्या मागणीमागे आहे. ती ऐकताना शेजारच्या भूमिहीनाच्या मनात काय चालते, ते सांगणे हेही साहित्याचेच काम आहे. त्यासाठी लेखकाला आपल्या संमेलनाचा मांडव सोडावा लागेल. दलित, ग्रामीण, आदिवासी, मुस्लिम मराठी, विद्रोही ही संमेलने मुख्य प्रवाहाने दारे बंद ठेवली म्हणून निघाली आणि ती निघणे आवश्यकच होते. पण स्वतःचे घर बांधले म्हणजे शेजाऱ्याकडे जाणे बंद करावे, असे नाही.

मोंढ्यातल्या त्या तिघांना एका कादंबरीत आणणारा लेखक कोणाच्याच कळपात सुखी राहणार नाही. त्याला नातेवाईक विचारतील, संघटना विचारेल, बायको किंवा नवराही विचारेल, आणि उत्तरे त्याच गावात राहून द्यावी लागतील. बेबी कांबळे यांनी ती जोखीम एकट्याने, लपूनछपून घेतली होती. आजच्या लेखकापाशी पदवी आहे, पगार आहे, पुरस्कार आहेत. त्यामुळे न लिहिण्याची सबब त्याच्याकडे त्यांच्यापेक्षा खूपच कमी आहे.